सायकलवर कोकण: आधी चढ मोजा

पुण्या-मुंबईचे बरेच सायकलस्वार कोकणाची आखणी नकाशावर बोट फिरवून करतात. हरिहरेश्वरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर गाठायचं तर अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर भरतं. हायवेवर एवढं सहा-सात तासांत होतं, इथे आठ धरू, असा हिशेब होतो. रस्ता समुद्राकाठचा, म्हणजे सपाटच असणार, हेही मनात कुठेतरी धरलेलं असतं. मग दुपारी दोन वाजता आंजर्ल्याच्या अलीकडे, सावलीचा पत्ता नसलेल्या सड्यावर, रिकाम्या बाटल्या घेऊन सायकल ढकलणारी हीच मंडळी दिसतात. त्यांच्या पायांत दम असतो. गडबड झालेली असते ती घरी बसून केलेल्या बेरजेत.

किनारी कोकणातला रस्ता समुद्राच्या पातळीवर फार वेळ राहतच नाही. जांभ्याचं पठार, म्हणजे सडा, समुद्राच्या दिशेने पसरत येतो आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांनी तो जागोजागी चिरलेला आहे. सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी या प्रत्येकीची खाडी. गावं वसलीत ती खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीमागच्या नारळी-पोफळीच्या चिंचोळ्या पट्ट्यात. साहजिकच एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे आधी घाटी चढून सड्यावर यायचं, दोन-चार किलोमीटर उन्हात चालवायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. एकेक चढ शंभर ते दोनशे मीटरचा. पसरणी किंवा वरंध घाटासारखा एकच मोठा घाट असता, तर मनाची तयारी तरी झाली असती. इथे दिवसभरात तोच चढ पुन्हा पुन्हा भेटतो, आणि संध्याकाळचा नेहमी सकाळच्यापेक्षा उंच वाटतो.

म्हणून आखणी करताना पहिला आकडा किलोमीटरचा नको, चढाच्या मीटरांचा हवा. कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्राव्हा यांपैकी कुठल्याही अ‍ॅपमध्ये मार्ग आखला की एकूण चढाई दिसते. दोन अ‍ॅपचे आकडे जुळणार नाहीत. जो मोठा असेल तो धरा. हरिहरेश्वर-गुहागरसाठी मी आखणीत १५०० मीटर धरायला सांगतो, कमी भरले तर फायदाच. सिंहगडाचा घाट पायथ्यापासून वाहनतळापर्यंत दोनदा चढून वर थोडी चढण उरावी, एवढं हे काम आहे, असं पुणेकरांनी समजावं.

आता या मीटरांची वेळ करू. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. हौशी सायकलस्वाराच्या पायांतून दिवसभर टिकेल अशी ताकद साधारण १०० वॅट. तेवढ्या ताकदीने ९० किलो वजन १०० मीटर वर न्यायला पाव तास लागतो. १५०० मीटर म्हणजे पावणेचार तास निव्वळ चढण, आणि एवढ्या वेळात रस्ता संपतो जेमतेम पंचवीस किलोमीटर. उरलेल्या ८५ किलोमीटरला ताशी १८च्या सरासरीने पावणेपाच तास. उतारावर भरपाई होईल ही आशा सोडून द्या. वळणं, खड्डे आणि समोरून येणारी एसटी यांमुळे उतारावरही विशीच्या फार पुढे जाता येत नाही. हे झाले साडेआठ तास. दोन फेरीबोटींसाठी थांबण्यासकट एक तास, खाणं-पिणं-पंक्चरसाठी दीड तास. एकूण अकरा. डिसेंबरात कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेडही अकराच तास.

या हिशेबात एका गोष्टीला जागा नाही: उशीर. त्यामुळे गुहागर ही ज्यांना डोंगरी रस्त्यावर शंभर किलोमीटरची सवय आहे त्यांचीच एका दिवसाची मजल. बाकीच्यांनी वाटेत कर्द्याला मुक्काम करून दोन दिवसांत करावी. मी तर सवय असलेल्यांनाही तेच सुचवेन, पण त्यांना ते पटत नाही.

दिवस कसा पडतो

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दृश्य देखणं असतं, पण जांभ्याच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावरचा ब्रेक नुसता नावाला उरतो. मार्चपासून दमट उकाडा सुरू. शिमग्यात गेलात तर पालख्या रस्त्याने फिरत असतात; समोर पालखी आली की सायकलवरून उतरून बाजूला उभं राहायचं, घंटी वाजवायची नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा मात्र पूर्ण टाळा. अरुंद रस्ता, अनोळखी वळणं आणि सुट्टीवर आलेल्या मोठाल्या गाड्या हे तीन एकत्र आले की सायकलला जागाच राहत नाही.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे धरा. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुतेक वायव्येचा असतो, तो पाठीवर घेता येतो. उलट दिशेने हाच रस्ता दुपारनंतर नकोसा होतो.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याची जेटी चार-पाच किलोमीटर. सकाळची पहिली फेरी पकडायचीच. तिची वेळ आदल्या दिवशी जेटीवर जाऊन किंवा फोन करून विचारून घ्या, कारण हंगामाप्रमाणे वेळापत्रक बदलतं. फेरीचा लोखंडी रॅम्प ओला असतो, त्याच्या टोकाशी शेवाळ असतं, आणि ओहोटीला जेटीचा ओला उतार आणखी उघडा पडतो. इथे सायकल चालवत आत शिरण्याची हौस करू नये. उतरून, सायकल हाती धरून, गाड्या चढून झाल्यावर शेवटी जावं. म्हणजे उतरताना पहिले तुम्ही. बोटीवर सायकल कठड्याला टेकवून पट्ट्याने बांधा, नाहीतर एखादी मोटार मागे घेताना सायकलचं चाक चेपायचं. सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला पोचेपर्यंत पोटात काहीतरी टाका, कारण पुढे बाणकोट, वेळास असं करत केळशीकडे जाताना खायची दुकानं लवकर उघडलेली मिळत नाहीत. नाना फडणवीसांचं मूळ गाव असलेलं वेळास आता कासव महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. पण तो महोत्सव उन्हाळ्याच्या तोंडाशी असतो, आणि सायकल व कासवं एकाच फेरीत साधायचा अट्टहास करू नये.

केळशी ते आंजर्ले हा पट्टा दिवसातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवा. उटंबर, आडे, पाडले अशी गावं एकामागून एक येतात, समुद्र मधूनच दिसतो आणि लपतो, आणि दर वेळी तो दिसला की आपण खाली उतरलेलो असतो. म्हणजे पुन्हा चढणं आलं. या पट्ट्यात घाई करून पाय मारून टाकलेत तर दुपार जड जाईल. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. नावातच कडा आहे, हे लक्षात घेऊन जायचं की नाही ते ठरवा. दर्शनासाठी एक जादा चढ मोजावा लागतो. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे, पलीकडे हर्णै आणि समुद्रात सुवर्णदुर्ग.

हर्णै हा निर्णयाचा थांबा. साडेबाराच्या आत हर्णैला असाल, पाण्याची बाटली अजून पूर्ण रिकामी झालेली नसेल आणि जिना चढताना मांड्या थरथरत नसतील, तर पुढे जा. यातली एक जरी गोष्ट हुकली तर महर्षी कर्व्यांच्या मुरुडात किंवा पुढे कर्द्याला मुक्काम टाका. (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, खोली ऑनलाइन ठरवताना भल्याभल्यांची दोन मुरुडांत गल्लत होते.) हर्णै ते कर्दे हा दिवसातला सगळ्यात सपाट तुकडा, त्यामुळे इथे अंगात उसनं बळ येतं आणि माणूस चुकीचा निर्णय घेतो. निर्णय हर्णैलाच घ्या. मुक्काम करायचा नसेल आणि तब्येतच बिघडली असेल, तर तिथून पंधरा-सोळा किलोमीटर चढून दापोली: एसटी आगार, उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढे साधारण तीस किलोमीटरवर खेडचं रेल्वे स्टेशन. हा चढ आजारी माणसाने सायकलवर करायचा नाही. छोटा हत्ती ठरवायचा.

पुढे जाणाऱ्यांसाठी कर्दे-लाडघर-बुरोंडी-कोळथरे-पंचनदी-दाभोळ. बुरोंडीच्या सड्यावर परशुरामाचा मोठा पुतळा आहे, तिथे वाऱ्यात दहा मिनिटं बसायला हरकत नाही; त्यानंतर दाभोळपर्यंत दुकानांचा भरवसा नाही. दाभोळ हे एके काळचं मोठं बंदर. जेटीच्या जवळच आदिलशाही काळातली मशीद आहे, ती फेरीची वाट पाहताना बघून होते. वाशिष्ठीवरची दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी दापोलीच्या गाडीला गुहागरला जायला खेड-चिपळूणचा लांबलचक वळसा पडायचा. धोपाव्याला उतरलात की लगेच चढ, आणि गुहागर अजून पंधराएक किलोमीटर. साडेचारच्या फेरीत बसायला मिळालं तर उजेडात पोचाल. त्यापेक्षा उशीर झाला तर पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा फेरीवरच लावून घ्या. सड्यावर रस्त्याचे दिवे नसतात आणि गुरं मात्र रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात.

सायकल महाग नको, गिअर हलका हवा

या रस्त्याला कुठली सायकल घ्यावी, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा एखादी कार्बनची रोड बाइक असते. तिचा सर्वांत हलका गिअर पुढे ३४ दात, मागे २८ असा असला तर दहा टक्क्यांच्या चढावर मिनिटाला साठ पेडल फिरवायला सव्वादोनशे वॅट लागतात. दहा टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर. कोकणातल्या घाटीत असे तुकडे सर्रास येतात. सव्वादोनशे वॅट तुम्ही पाच मिनिटं द्याल, दिवसभर नाही. त्याच चढावर जुन्या एमटीबीचा पुढे २२ आणि मागे ३४ हा गिअर असेल तर वेग ताशी पाच किलोमीटर, पण काम सव्वाशे वॅटच्या आतलं. माणूस घामाघूम होतो, पण गुडघे शाबूत राहतात. तेव्हा गिअर असलेली कुठलीही धड हायब्रिड किंवा एमटीबी चालेल. रोड बाइकच न्यायची तर दुकानात जाऊन मागची कॅसेट ३४ दातांपर्यंतची बसते का ते विचारा. मागचा डेरेलर तेवढी चेन ओढू शकला पाहिजे. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३५ असेल तर उत्तम.

सामानाचा हिशेबही त्याच ९० किलोंतून निघतो. पाच किलो कमी केले की प्रत्येक चढावर साडेपाच टक्के काम वाचतं, आणि पाच किलो कमी करणं फार अवघड नसतं. एका मुक्कामासाठी एक जोडी कपडे, हलकी चप्पल, औषधं, चार्जर, पातळ पंचा. जीन्स घरी ठेवा. पाठीवर सॅक नको. उन्हात पाठ भिजते आणि खांदे धरतात. मागच्या कॅरिअरवर दोन बाजूंना पॅनिअर, जड वस्तू तळाशी. लवचिक दोरीने सामान बांधलं असेल तर तिचं मोकळं टोक आवर्जून आत खोचा, कारण उतारावर ते चाकात गेलं तर सरळ डोक्यावर पडाल.

दुरुस्तीच्या पिशवीबद्दल थोडं बारकाईने लिहितो, कारण इथे लोक यादी करतात पण वस्तू हाताळून बघत नाहीत. नव्या सायकलींच्या ट्यूबला पुष्कळदा बारीक नळीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. वाटेवरच्या गावात एखादं सायकल दुकान सापडलंच तर तिथला पंप त्यावर बसत नाही. पितळेची एक छोटी टोपी मिळते, ती व्हॉल्व्हवर फिरवून बसवली की साध्या पंपाने हवा भरता येते. एक टोपी व्हॉल्व्हलाच लावून ठेवा, म्हणजे शोधावी लागणार नाही. व्हॉल्व्हचं बारीक स्क्रूचं टोक आधी सैल करायला मात्र विसरू नका. त्याशिवाय दोन जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, हातपंप, अ‍ॅलन चाव्या, चेन तोडायचं हत्यार आणि जोडायची कडी, तुमच्याच सायकलचा गिअर हँगर आणि ब्रेक पॅडची एक जोडी. मोठ्या टायरची ट्यूब दापोली-गुहागरात मिळू शकते, ७०० आकाराची मिळेलच असं धरू नका. निघण्याआधी घरी, सामान लादलेल्या अवस्थेत, मागचं चाक एकदा स्वतः काढून बसवा. ते जमत नसेल तर बाकीची हत्यारं नुसतं वजन आहे.

चढताना

चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. चढावर पाय पूर्ण दाबलेले असताना गिअर बदललात की चेन कुरकुरते आणि कधी उतरते. तेव्हा सायकल थांबते आणि पुन्हा त्याच चढावर बसून निघणं हा वेगळा व्यायाम होऊन बसतो. बसूनच चालवा. पाठ अवघडली तर दहा-पंधरा फेऱ्यांपुरतं उभं राहा, पुन्हा बसा. वेग ठरवायला यंत्राची गरज नाही: शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पुढच्या दोन तासांची ताकद तुम्ही आत्ताच खर्च करताय. नागमोडी चालवून चढ हलका करायची युक्ती शाळेच्या मैदानापुरती ठीक. अरुंद रस्त्यावर मागून येणाऱ्या चालकाला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही.

आणि उतरून चाला. यात लाज कसली? सर्वांत हलक्या गिअरवर तुमचा वेग ताशी पाच, सायकल ढकलत चालताना चार. तीनशे मीटरच्या खड्या घाटीत फरक एका मिनिटाचा पडतो, आणि त्या मिनिटाच्या बदल्यात वेगळे स्नायू कामाला लागून मांड्यांना विश्रांती मिळते. सायकलवरून उतरणं हा पराभव समजणारे लोक मला बहुधा संध्याकाळी पेटक्यांनी विव्हळताना भेटले आहेत.

वाट विचारायची ती कोणाला, हेही सांगून ठेवतो. दुचाकीवाल्याला चढाबद्दल विचारू नये. “चढ? नाय हो, जरासा हाय,” हे त्याचं उत्तर प्रामाणिक असतं, कारण चढ त्याच्या इंजिनाला लागतो. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघालेल्या मावशींना विचारा. त्यांना प्रत्येक घाटीची उंची पायांना माहीत असते. मोबाइलवरचा नकाशा कधी कधी जवळची म्हणून पाखाडी दाखवतो. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्या. दिसायला गोड, पण पॅनिअर लावलेली सायकल त्यावरून उचलून न्यावी लागते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, खाडीच्या तोंडाशी बऱ्याच ठिकाणी नेटवर्क जातं.

उतरताना

अपघात चढावर होत नाहीत. म्हणून इथे जरा सावकाश वाचा. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरून उतरू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापते, आणि लांब उतारावर जड सामान असलं तर आतली ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकचे पॅडही तापून बोथट होतात. पद्धत अशी: सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात दाबून वेग पाडायचा, मग सोडायचा, परत दाबायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, तेव्हा त्याला घाबरून फक्त मागचा वापरू नका. वजन मागे सरकवून दोन्ही वापरा. पण वळणावर चिऱ्याचा चुरा, सुरूच्या काड्या किंवा पुळणीवरून उडून आलेली वाळू दिसली तर पुढच्या ब्रेकवरचा हात हलका. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, नजर वळणाच्या टोकाकडे. नजर खड्ड्याकडे गेली की सायकल खड्ड्यात जाते, हे कोणालाही करून बघायची गरज नाही.

आंधळ्या वळणावर एसटी संपूर्ण रस्ता घेते, घ्यावाच लागतो तिला. चालक हॉर्न वाजवत येतो. तो ऐकू यावा म्हणून कानात इअरफोन नको, आणि ऐकू आला की डाव्या कडेला थांबून गाडी जाऊ द्या. मोठा उतार असेल तर मध्ये एकदा थांबा, रिमजवळ हात नेऊन बघा. चटका बसेल असं वाटलं तर पाच मिनिटं समुद्र बघत बसा. वाडीत शिरताना कोंबड्या आणि कुत्री. कुत्रा मागे लागला तर जोरात पळवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून उभं राहणं बरं. बहुतेक कुत्र्यांचा रस पळणाऱ्या चाकात असतो.

हेल्मेटविषयी मी वाद घालत नाही. घाला.

पाणी आणि पोट

कोकणची थंडी फसवी. पहाटे जॅकेट लागतं आणि अकरा वाजता पारा तिशीत. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि आपण किती घाम गाळला ते कळतही नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी गेलंच पाहिजे. सायकलला दोन बाटल्या आणि बॅगेत एक लिटर राखीव. भरायची ती खाली गावात, चढ सुरू व्हायच्या आधी. सड्यावर विहीरही नसते आणि दुकानही नसतं. कुठल्याही घरी मागितलंत तर पाणी मिळतं, पण घर असायला हवं ना.

नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम त्या मानाने कमी, त्यामुळे शहाळ्यासोबत खारे शेंगदाणे खा. कोकम सरबत मीठ घालून मागा. घरची जलसंजीवनी सगळ्यात स्वस्त: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावं. लघवी गडद पिवळी दिसली, डोकं ठणकू लागलं किंवा उन्हात अंगावर काटा आला, तर सावलीत थांबायचं, मानेवर पाणी ओतायचं आणि त्या दिवसाची आखणी तिथेच मोडायची. गरज पडली तर १०८ रुग्णवाहिका, ११२ मदत.

खाणं भूक लागण्याआधी, दर पाऊण तासाला थोडं. शंभर मीटर चढायला ढोबळमानाने ९० कॅलरी लागतात. हा हिशेब मुठीत ठेवला की एक केळं म्हणजे एक घाटी, एवढं लक्षात राहतं. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळपोळी, पोळीला तूप-गूळ लावून केलेली गुंडाळी ही खिशात राहतात, वितळत नाहीत. सकाळी पोहे किंवा घावन. दुपारी हर्णैला ताजी मासळी दिसेल, थाळीचा वास येईल. मुक्काम तिथेच असेल तर जरूर जेवा. पुढे जायचं असेल तर दहीभात किंवा वरणभात, पोटभर नाही. सुरमईची थाळी आणि सोलकढी पोटात घेऊन बुरोंडीचा चढ चढायला निघालेला माणूस लाडघरलाच झाडाखाली आडवा होतो.

बसण्याच्या जागी घर्षणाने सोलवटतं, त्याविषयी कोणी उघड बोलत नाही. पॅड असलेली पँट थेट अंगावर घालायची, आत दुसरं काही नको, आणि निघताना व्हॅसलीन. बायकांसाठी स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. पेट्रोल पंप, एसटी स्थानकं आणि खानावळी आधी नकाशावर खुणा करून ठेवा, आणि केवळ त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका.

मुक्कामी पोचल्यावर

आधी सायकल. खारी हवा आणि फेरीवरचे शिंतोडे चेनला एका रात्रीत तांबूस करतात. गोड्या पाण्याने पुसून, कोरडी करून चेनला तेल द्या, मग आंघोळ. दोन्ही ब्रेक पॅड बघा, टायरवरून हात फिरवून काच-काटा काढा. परतीला गुहागर-चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, आणि तो रस्ताही चढउताराचाच. चिपळूणहून कोकण रेल्वेने सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून नोंदवावी लागते. गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल कचेरीत पोचा, पेट्रोल पंपावरच्या चहात वेळ घालवू नका.

जाण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा जवळचा चढ करा: पुण्यात सिंहगड किंवा जुना कात्रज, ठाण्यात येऊर, नाशकात त्र्यंबकेश्वरकडचा रस्ता. त्यातला एक रविवार सामान लादून. सलग दोन दिवस ५० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ जमला, तर कर्द्याच्या मुक्कामाची दोन दिवसांची कोकणफेरी तुम्हाला झेपेल. पहिल्या खेपेला एकटे जाऊ नका, आणि कर्द्याच्या पुढचं आरक्षण त्याच दिवसासाठी करू नका.